पत्राखालचं उत्तर

तात्यापारा, रायपूर
११ मे २००६

भार्गव,

कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस. माझे मेल तू उघडत नाहीस आणि फोनवर माझा आवाज ऐकला की मस्कतची लाइन आपोआप कटते. तेव्हा म्हटलं कागदच पाठवावा. फाडायचा झाला तरी निदान हातात घ्यावा लागेल.

बाबांना लकवा मारला आहे. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही एकदम गेली. हॉस्पिटलातून घरी आणलंय. डॉक्टर म्हणतात, त्यांना सगळं समजतं, पण आता बोलता येणार नाही. कानांनी तर आधीच राजीनामा दिलेला. म्हणून श्रावणीच्या पाटीवर मी मोठ्या अक्षरांत लिहून दाखवते आणि ते मान हलवतात. मी, अच्युत आणि श्रावणी तेलीबांध्याच्या घराला कुलूप घालून इकडेच राहायला आलो आहोत.

लाइन कटण्याआधी तू जे म्हणतोस ते मला पाठ आहे. तू बाबांना चार पत्रं लिहिलीस, एकच गोष्ट विचारलीस, त्यांनी एकाचंही उत्तर दिलं नाही. विचारलंस ते हेच ना, की आईला ऑपरेशनसाठी नागपूरला जायचं होतं, की तू तिला ओढून नेलंस? निघायच्या आधी आई स्वयंपाकघराचं दार लोटून बाबांशी बराच वेळ बोलत बसली होती. काय बोलली ते त्या दोघांनाच ठाऊक. ती नागपूरला टेबलावरच गेली आणि घाटावर बाबा सगळ्यांदेखत तुला म्हणाले, "हिले तू मारलं." मी तिथेच उभी होते. मी बाबांचा हात धरला, तुझा धरला नाही. हे तू विसरला नाहीस, आणि मीही नाही.

पण म्हणून त्यांनी उत्तर दिलं नाही असं म्हणू नकोस. तुझं पत्र आलं की कडक इस्त्रीचा बुशशर्ट घालून ते सदर बाजारात अनिमेषच्या सायबर कॅफेत जायचे. जणू सचिवालयात साहेबांनी बोलावलंय. परत आले की मी कानाशी ओरडायची, "दिलं का उत्तर?" ते म्हणायचे, "देल्लं. आता फाइल त्याच्या टेबलावर हाय." आयुष्यभर बडेबाबू म्हणून फाइली हलवल्या, रिटायर झाले तरी घरातसुद्धा फाइलच हलते, म्हणून मी हसायची. मग काही दिवस ते फाटकाचा आवाज झाला की मान वळवून बघायचे. कान नसलेला माणूस आवाज कसा पकडायचा कोण जाणे. विचारायचे, "तो काहून नाही येऊन राहिला?" गेल्या हिवाळ्यात तेही थांबलं. एकदा नुसतं म्हणाले, "त्यानं वाचलं अन् ठेवून देल्लं."

तुझ्या हृदयाच्या जागी सिमेंट भरलंय का रे? तिथल्या कारखान्यात तेच बनतं म्हणून विचारते.

एकदा येऊन जा. रागवायचं असेल तर समोर उभा राहून रागव. आता ते उलट बोलू शकत नाहीत, एवढी तरी तुझी सोय झाली आहे.

मंजिरी


तात्यापारा, रायपूर
२ जून २००६

भार्गव,

तुझा मेल मिळाला. तीन वर्षांनी भावाने लिहिलं आणि लिहिलं ते असं, की बाबांचं एक अक्षर मला आलेलं नाही, आणि ताई, तुझी शिफारस मला नको, त्यांचे शब्द हवेत. त्यांनी एक ओळ लिहावी, मी त्याच रात्री विमानात बसतो. मी आलो आणि त्यांनी पाहुण्यांसमोर पुन्हा तेच म्हटलं, किंवा भिंतीकडे तोंड केलं, तर पुन्हा उभं राहायची ताकद माझ्यात नाही.

वाचून माझं डोकं फिरलं. म्हटलं, थांब, तुझ्या नाकावर टिच्चून पुरावा पाठवते. शाळेतलं सुट्टीतलं काम आटोपून तशीच सदर बाजारात गेले. सराफांच्या दुकानांपुढे स्कूटरी इतक्या लागलेल्या, की कॅफेचं दार शोधायला गटारावरच्या फरशीवरून चालावं लागतं. बाबा त्या फरशीवरून काठी टेकत जायचे, हे तेव्हा लक्षात आलं.

अनिमेष तुला आठवेल, आपल्याच मोहल्ल्यातला, तुझ्याहून दोन वर्ग मागे. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच. बाबांचं मेलचं खातं त्यानेच उघडून दिलंय आणि पासवर्ड आईचं नाव आहे. त्याने लावून दिलं. तुझी चारही पत्रं होती. मेलमध्ये मराठी लिहिलं की इथे चौकोन दिसतात, म्हणून तू वेगळी फाइल करून, बाबांना ऑफिसातल्या हिंदी टायपिंगमुळे येतो तोच फाँट वापरून, जोडून पाठवलेली. एवढी काळजी घेतलीस हे मला माहीत नव्हतं. मग मी पाठवलेल्या मेलचा कप्पा उघडायला सांगितला.

तो रिकामा होता. त्यात कधीच काही नव्हतं.

घरी आले. हातपायही धुतले नाहीत. पाटीवर लिहिलं, "भार्गवला तुम्ही उत्तर दिलंच नाही. खोटं काहून बोलले?" बाबांनी वाचलं. डाव्या हाताने मान्य नाही, मान्य नाही असं केलं. मी पुन्हा लिहिलं, "दिलं का?" त्यांनी मान हलवली, हो. मी लिहिलं, "मी कॅफेत पाहून आले." तेव्हा त्यांनी डाव्या तळव्याने पाटी पुसली आणि डोळे मिटून घेतले. रात्री तोंडाशी नेलेला पेजेचा चमचा त्यांनी ओठांनी ढकलला. मी त्यांना बरंच बोलले. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून जास्तच बोलले.

तेव्हा तू खरा, बाबा खोटे, आणि मध्ये मी मूर्ख. तीन वर्षं मी तुला दगड म्हणत आले. माफ कर. यायचं की नाही ते तू ठरव, मी आता आग्रह करणार नाही. कोणत्या तोंडाने करू?

मंजिरी


तात्यापारा, रायपूर
१९ जून २००६

भार्गव,

मागचं पत्र फाडून टाक. बाबा खोटं बोलले नाहीत. हे पत्र शांतपणे वाच, कारण मला स्वतःला ते समजायला अर्धा दिवस लागला.

मी कॅफेतून गेल्यावर अनिमेषला चैन पडेना. तो घरी आला आणि म्हणाला, "दीदी, काकाजी लिखते तो थे. मैंने खुद देखा है. घंटा-घंटा बैठ के लिखते थे." मी म्हटलं, लिहायचे तर गेलं कुठे? तो म्हणाला, दुकानात चला, दाखवतो.

त्याने बाबांच्या खात्यातून तुझं शेवटचं पत्र काढलं. त्यावर क्लिक केलं की ब्राउजर एक छोटी चौकट पुढे करतो. फाइल ओपन करायची, की सेव्ह करायची? बाबा नेहमी ओपन दाबायचे. अनिमेषला त्यांनी सांगितलं होतं, माझ्या पोराचं पत्र दुसऱ्याच्या मशीनमध्ये काहून ठेवू? बरोबरच आहे ना. मीही ओपनच दाबलं असतं. मग पत्र उघडायचं, आणि बाबा त्याच पत्राखाली आपलं उत्तर लिहायचे. खाली आद्याक्षरं, तारीख. फ्लॉपीच्या चित्रावर क्लिक करून सेव्ह करायचे, पत्र बंद करायचे आणि उठायचे.

तुला कळलं का त्यांनी काय केलं ते? ऑफिसात कागद वरून येतो. बाबू त्याच्याच खाली आपली टीप लिहितो, सही करतो, फाइल मिटतो. मग ती ज्याची त्याच्याकडे परत जाते. न्यायचं काम चपराशाचं. बडेबाबूने स्वतः फाइल उचलून नेली असं तू कधी ऐकलंस का? त्यांच्या लेखी मेल म्हणजे चपराशी. पत्र आणलं त्यानेच, नेणारही तोच. रिप्लायचं बटण त्यांनी कधी दाबलं नाही, कारण त्यांच्या हिशेबी त्याचं कामच नव्हतं.

अनिमेषने माझ्यासमोर तुझं पत्र उघडलं. खाली 'नमस्कार' असं टाइप केलं, सेव्ह केलं, बंद केलं. मग मेलमधून तेच पत्र पुन्हा उघडलं. नमस्कार नव्हता. तुझं पत्र होतं तसं, खाली कोरं. मी म्हटलं, आत्ता तर सेव्ह केलंस. तो म्हणाला, मेलमधलं पत्र जागचं हलतच नाही. ओपन म्हटलं की ब्राउजर त्याची एक नक्कल काढून फेकायच्या सामानाच्या कुठल्याशा लपलेल्या फोल्डरमध्ये टाकतो आणि ती नक्कल आपल्यापुढे धरतो. काकाजींनी लिहिलं ते त्या नकलेवर. कॅफेतल्या मशीन तर त्याने अशा लावल्या आहेत, की बंद करून चालू केल्या की दिवसभरातलं सगळं साफ. पोरं वाटेल ते भरून ठेवतात म्हणून. म्हणजे दुकानाचं शटर पडलं की बाबांचं उत्तर गेलं.

आणि हे ऐक. पुढच्या खेपेला बाबा जुनं पत्र उघडून बघायचे, आपली टीप आहे का. ती नसायची. अनिमेष म्हणतो, ती नाही हे बघून ते खूष व्हायचे. टेबलावर नाही, म्हणजे गेली. म्हणून मला सांगायचे, फाइल त्याच्या टेबलावर हाय.

मला त्या चौकटीचा इतका संताप आला आहे. शाळेत नवीन कॉम्प्युटर आले तेव्हा आम्हाला सांगितलं, हे यंत्र विचारल्याशिवाय काही पुसत नाही. खोटं आहे. एखादी वस्तू नुसती बघायला दिली असेल, तर तिच्यावर लिहू देऊ नये. लिहू दिलं, तर ती ठेवावी, आणि कुठे ठेवली ते सांगावं. आणि टाकून द्यायचीच असेल तर निदान एकदा विचारावं, की बाबा रे, यात तू काही लिहिलं आहेस, फेकू का? ज्याने ही चौकट बनवली त्याला वाटलं असेल, ओपन दाबणारा माणूस वाचेल आणि निघून जाईल. वाचून गप्प बसवत नाही अशीही पत्रं असतात, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. पोस्टमन पत्र हातात देताना असं कधी म्हणतो का, वाचा खुशाल, पण त्यावर लिहिलं तर संध्याकाळी मी जाळून टाकीन?

बाबांनी काय लिहिलं होतं? अनिमेषने वाचलं नाही, दुसऱ्याचं पत्र वाचणारा तो नाही. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी चारदा दिलं, एवढंच मी सांगू शकते. ते काय होतं ते फक्त त्यांच्या डोक्यात आहे, जीभ बंद आहे, आणि डाव्या हाताने खडू धरून अक्षर उमटत नाही.

आता मला एक सांग. त्यांना हे सांगू का? त्यांना वाटतंय, तू उत्तर वाचलंस आणि तरी आला नाहीस. सांगितलं तर तुझ्यावरचा राग जाईल. पण मग कळेल, की तीन वर्षं त्यांच्याच हातून गेली. आजारी माणसाला यातलं कुठलं औषध द्यावं?

मंजिरी


तात्यापारा, रायपूर
१० जुलै २००६

प्रिय भार्गव,

आज प्रिय लिहिते. मागच्या पत्रांत ते राहून गेलं होतं, मुद्दामच.

तुझा आधीचा मेल वाचून मात्र तुला दोन लगावाव्यात असं वाटलं होतं. गोष्ट चांगली रचलीस ताई, पण त्यांनी लिहिलेलं दाखव, असं म्हणालास. म्हणजे बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर. ठीक आहे. दाखवायचंच, असं मी ठरवलं, आणि म्हणून बाबांना सगळं सांगून टाकलं. पाटी चार वेळा भरली आणि पुसली. शेवटच्या वेळी लिहिलं, "त्याला तुमचं एकही उत्तर मिळालं नाही. तो अजून वाट पाहून राहिला." बाबांनी ते परत परत वाचलं. मग त्यांच्या तोंडून असा काही आवाज निघाला की श्रावणी घाबरून अंगणात पळाली. ते डावी मूठ कपाळावर मारत होते. मी हात धरला, पण त्या एका हातात अजून बराच जोर आहे रे. शांत झाले तेव्हा त्यांनी खुंटीवरच्या बुशशर्टाकडे बोट दाखवलं.

शनिवारी अच्युतने आणि अनिमेषने त्यांना ऑटोतून नेलं, फरशीवरून खुर्चीसकट उचलून आत आणलं. अनिमेषने आधीच शहाणपणा करून तुझं पत्र नीट सेव्ह करून समोर डेस्कटॉपवर ठेवलं होतं, म्हणजे या वेळी काही हरवायला नको. ते तो उघडून देणार, तर बाबांनी त्याचा हात बाजूला केला. डाव्या हाताने माऊस पकडून स्वतःच मेलमध्ये गेले, तुझं पत्र शोधलं, उघडलं. आपलं टेबल आपण मांडायचं, असा त्यांचा चेहरा होता. आम्ही हसलो. अनिमेष गिऱ्हाइकांकडे गेला.

डाव्या हाताच्या एका बोटाने त्यांनी टाइप केलं. एक अक्षर झालं की थांबायचे, लाळ गळायची, मी पुसायची. माझं लक्ष पडद्यावर कमी आणि त्यांच्याकडे जास्त होतं, पण झालं तेव्हा मी सगळं वाचलं. काय लिहिलं ते इथे लिहीत नाही. तुझं आहे, तू वाचलंस. सेव्ह त्यांनीच केलं. मग अनिमेष आला, फाइल जोडली, पाठवली आणि म्हणाला, "हो गया काकाजी, अब सच में गया." पाठवलेल्या मेलचा कप्पा त्याने बाबांना उघडून दाखवला. त्यात पहिल्यांदा एक ओळ होती. बाबांनी त्या ओळीला बोट लावून पाहिलं.

आणि काल तुझा मेल आला. "पत्र मिळालं. मला जे कळायचं ते कळलं." बास, एवढंच. तुला शब्द सापडले नसतील, हे मी समजू शकते. मलाही सापडले नव्हते. मी पाटीवर लिहिलं, "भार्गवला पत्र मिळालं. तो येतो." येतो हे मीच जोडलं, पण तू म्हणालाच होतास ना, एक ओळ आली की त्याच रात्री निघेन. आज सकाळी त्यांनी गालाला हात लावून दाखवला, म्हणून अच्युतने दाढी करून दिली. पलंग ओढून फाटक दिसेल असा घ्यायला लावला.

तिकीट कधीचं आहे ते कळव. नागपूरला उतरून गाडीने येणार, की मुंबईहून थेट? अच्युत घ्यायला येईल. आईच्या खोलीत तुझी व्यवस्था करते आहे. नको असेल तर तसं सांग, लाजू नकोस.

तुझी,
ताई


तात्यापारा, रायपूर
६ ऑगस्ट २००६

भार्गव,

बाबा गेल्याचं मी तुला फोनवर सांगितलं. मला वाटलं, रडशील. तू म्हणालास, "ताई, त्यांनी माझंच पत्र मला परत पाठवलं. खाली एक अक्षर नाही. आता मेल्यावर येऊन काय करू?" आणि फोन ठेवलास. मी रिसीव्हर हातात धरून तशीच उभी राहिले. घरात माणसं जमली होती, कुणीतरी तो माझ्या हातातून काढून घेतला.

अग्नी मी दिला. जावयाने द्यावा असं दोघं-तिघं म्हणाले. अच्युत म्हणाला, मुलगी समोर असताना मी कोण? तो चांगला माणूस आहे, तू त्याला कधी नीट ओळखलं नाहीस.

दहावा झाला आणि मी कॅफेत गेले. अनिमेषला म्हटलं, त्या दिवशी काय पाठवलंस ते उघड. पाठवलेल्या कप्प्यातलं ते पत्र त्याने उघडलं. तुझं पत्र होतं. तुझ्या सहीखाली कोरा पांढरा पडदा. आम्ही दोघंही खालपर्यंत जात राहिलो, जणू आणखी खाली काही सापडेल.

झालं ते इतकं साधं आहे, की मला ते लिहायला लाज वाटते. अनिमेषने सेव्ह केलेली फाइल डेस्कटॉपवर होती. बाबांनी ती घेतलीच नाही. त्यांनी सवयीप्रमाणे मेलमधून ओपन केलं. म्हणजे ते पुन्हा त्या फेकायच्या नकलेवरच लिहीत बसले, आणि आम्ही शेजारी उभे राहून कौतुकाने हसत होतो. अनिमेषने जोडली ती डेस्कटॉपवरची, कोरी. मी घाईत होते, बाबा थकले होते, ऑटोवाला हॉर्न देत होता. कुणी उघडून पाहिलं नाही. रात्री दुकान बंद झालं, मशीन साफ झाली. अनिमेष माझ्या पायावर डोकं ठेवून रडला. मी त्याला उठवलं. त्याला काय म्हणणार? सगळं कसं होतं ते त्यानेच मला शिकवलं होतं, आणि मीच तुला ते पानभर समजावून लिहिलं होतं.

तुला ते पत्र कसं दिसलं असेल, ते आता मला दिसतं. तीन वर्षं वाट पाहून बापाकडून आपलंच पत्र परत. त्यावर तू जे दोन शब्द लिहिलेस, ते वाचून मी बाबांना सांगितलं, की तो येतो. ते रोज फाटकाकडे बघत होते. रागावले नव्हते. मुलं उशीर करतात, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. शेवटच्या दिवशी श्रावणीने फाटक उघडलं, तेव्हा त्यांनी मान उचलायचा प्रयत्न केला. तीच आहे हे बघून मान परत उशीवर ठेवली, आणि दुपारी गेले.

तू म्हणाला होतास, शिफारस नको, त्यांचे शब्द हवेत. भार्गव, त्यांचे शब्द आता कुठल्याही मशीनमध्ये नाहीत. ते एका माणसाने वाचले, आणि ती मी आहे. जिने घाटावर तुझा हात धरला नाही, ती. तुला वाटेल, मेलेल्या माणसाच्या नावावर ताई आता वाटेल ते खपवेल. मी तुझ्या जागी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. शपथ घेत नाही. आपल्या घरात कुणाच्या शपथेवर कुणाचा विश्वास उरला आहे? त्यांनी लिहिलं तसं उतरवते, माझं एक अक्षर न घालता.

"इंदूले जायाचं होतं. दार लावून माझ्या पाया पडली, म्हणे जाऊ द्या, मले जगायचं हाय. मीच अडवून राहिलो होतो. मले भेव वाटत होतं. घाटावर मी बोललो ते खोटं होतं, अन् मले ते बोलतानाच माहीत होतं. तुवा तिचं ऐकलं, मी नाही ऐकलं."

त्याच्या खाली एक शब्द होता. त्यात त्यांचं बोट दोनदा चुकलं. दोन्ही वेळा त्यांनी तो पुसला आणि पुन्हा लिहिला. मी मदतीला हात पुढे केला तर माझा हात त्यांनी ढकलला. तो शब्द होता, ये.

तुझी,
ताई